पिकअप काढताय? आधी पासिंग बघा, पॉवर नंतर

दुधाचे कॅन, भाजीचे क्रेट, गुळाचे रवे, खताची पोती, सिमेंट, विटा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बाराही तालुक्यांत यातला बराच माल आज पिकअपवरूनच फिरतो. दोन-तीन एकर ऊस आणि जोडीला एक पिकअप, असा अनेक घरांचा संसार आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळं ज्यांचा विचार दोन वर्षं लांबला होता, ते आता शोरूमची पायरी चढतायत.

पण गाडी कुठली घ्यायची, हे ठरतं कसं? पारावर विचारलं तर एक म्हणतो बोलेरोच घे, दुसरा म्हणतो टाटाला दम आहे, तिसरा म्हणतो दोस्तचं ॲव्हरेज चांगलं. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण तिघांचा माल वेगळा, रस्ता वेगळा आणि गॅरेजही वेगळं. म्हणून कंपनीचं नाव बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारायचे. गाडी कायद्यानं किती वजन वाहते? तिला काही ओढायचं आहे का? आणि बंद पडली तर किती दिवसांत परत रस्त्यावर येते? या तीन प्रश्नांची उत्तरं नीट काढली तर गाडी आपोआप ठरते.

पासिंग म्हणजे नक्की काय?

आपण सहज म्हणतो, "गाडीला दीड टन पासिंग आहे." हा आकडा येतो आरसी बुकावरून. आरसीवर दोन वजनं लिहिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचं आणि दुसरं मालासकट एकूण वजन, म्हणजे गाडी जास्तीत जास्त किती वजनाची होऊन रस्त्यावर चालू शकते ते. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की उरतं ते पासिंग.

समजा एकूण वजन २,९९० किलो आणि रिकामी गाडी १,४९० किलो. पासिंग झालं १,५०० किलो. पण हे सगळं मालासाठी उरत नाही. शोरूममधून गाडी बाहेर आली की आपण तिच्यावर लोखंडी जाळी चढवतो, ताडपत्रीचा सांगाडा बसवतो, वर कॅरियर करतो. हे धरा १०० किलो. ड्रायव्हर आणि शेजारी बसलेला मालक, दोघांचे १४० किलो. उरले १,२६० किलो. दीड टनाची म्हणून घेतलेली गाडी प्रत्यक्षात सव्वा टनाची झाली.

यावर गावात एक इलाज ठरलेला आहे. पाटे वाढवा. मागं दोन जादा पाटे टाकले की गाडी बसत नाही, म्हणून वाटतं ताकद वाढली. पण पाटे वाढले तरी ब्रेक तेच राहतात, ॲक्सल तोच, टायर तेच, चासीही तीच. गाडी दबलेली दिसत नाही एवढाच फरक पडतो. उलट पाट्यांचं वजनसुद्धा पासिंगमधूनच जातं आणि आरसीवरचा आकडा एक किलोनंही वाढत नाही.

यासाठी सोपा उपाय आहे. नवीन गाडीला जाळी, सांगाडा बसवून झाला की टाकी फुल्ल करून, ड्रायव्हरसकट एकदा वजनकाट्यावर घाला. पावती गाडीतच ठेवा. आरसीवरच्या एकूण वजनातून ते वजन वजा करा. तो आकडा तुमचा खरा आकडा. तो दरवाजाच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवला तरी चालेल.

आपला माल किती भरतो?

गाडी बघायला जाण्याआधी हा हिशोब घरी करायचा. नेहमीचा माल घेऊ.

दूध: ४० लिटरच्या कॅनमध्ये दूधच ४१ किलोच्या आसपास असतं. कॅनसकट ५० किलो धरा. ३० कॅन म्हणजे दीड टन.

गूळ: ३० किलोचे ५० रवे म्हणजे दीड टन.

खत: डीएपी, पोटॅशचं पोतं ५० किलोचं, युरियाचं ४५ किलोचं. डीएपीची ४० पोती म्हणजे दोन टन.

सिमेंट: ५० किलोचं पोतं. ३० पोत्यांत दीड टन झाला.

विटा: एक वीट तीन किलो धरली तर ५०० विटांत दीड टन.

पाणी: हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन, त्यात टाकीचं वजन वेगळं.

वाळू: एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण साडेचार टन. अर्धा ब्रास सव्वादोन टनांच्या आसपास जातो, ओली असेल तर आणखी जास्त. म्हणजे "अर्धा ब्रास टाका की" हे ऐकायला साधं वाटतं, पण दोन टनांच्या पिकअपलाही ते कायद्यात बसत नाही.

कडबा, वैरण, रिकामे क्रेट यांचं उलटं आहे. हौदा भरतो, पासिंग शिल्लक राहतं. असा माल असेल तर टनापेक्षा हौद्याची लांबी बघायची. फक्त माल बाजूला, मागं किंवा उंचीला ठरलेल्या हद्दीबाहेर गेला तर त्याचाही दंड वेगळा आहे, तो पुढं येतोच.

जनावरांचं गणित तर वजनाचं नाहीच, जागेचं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाय किंवा म्हैस नेताना एका जनावराला दोन चौरस मीटर जागा सांगितली आहे. नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद हौद्याचं क्षेत्र साडेचार चौरस मीटरच्या आसपास येतं. म्हणजे वडगावच्या बाजारातून पिकअपमध्ये दोनच म्हशी आणायच्या.

बाजारात काय काय आहे?

आता गाड्यांकडं वळू. खालचे पासिंगचे आकडे कंपन्यांनी मॉडेलप्रमाणं दिलेले आहेत. एकाच नावाखाली चार-पाच मॉडेल असतात आणि प्रत्येकाचं पासिंग वेगळं असतं. त्यामुळं नुसतं "बोलेरो घेतली" म्हणून चालत नाही, कुठली घेतली ते महत्त्वाचं.

महिंद्रा बोलेरो मॅक्स पिकअप: या वर्गात महिंद्राचीच गाडी सगळ्यात जास्त खपते. एप्रिल २०२३ मध्ये मॅक्स ही नवी मालिका आली. त्यात सिटी आणि एचडी असे दोन गट. पासिंग १.३ टनापासून २ टनांपर्यंत. मोठ्या मॉडेलचा हौदा ३,०५० मिलिमीटर, म्हणजे दहा फूट. इंजिन अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं. सिटी गट गल्लीबोळासाठी आणि हलक्या मालासाठी, एचडी गट जड भाड्यासाठी. गावोगावच्या मेस्त्रींचा हात या इंजिनावर बसलेला आहे, ही हिची मोठी जमेची बाजू.

टाटा योद्धा: जुन्या टाटा २०७ चं काम आता हिच्याकडं आलंय. २.२ लिटरचं डिझेल इंजिन, १०० हॉर्सपॉवर, २५० न्यूटन मीटर टॉर्क. या यादीत इंजिनचा जोर हिचा जास्त. १,२००, १,५००, १,७०० किलो आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आलेली योद्धा २.० म्हणजे २,००० किलो पासिंगची. योद्ध्यात चारही चाकांना जोर देणारं मॉडेलही निघालंय. पावसाळ्यात उसाच्या पाणंदीतून माल काढायचा असेल तर त्याचा उपयोग कळतो.

टाटा इंट्रा: छोटा हत्ती म्हणजे टाटा एस २००५ मध्ये आला. त्याच्या वरची पायरी म्हणजे इंट्रा. व्ही ३० ला १,३०० किलो, व्ही ५० ला १,५०० किलो पासिंग. इंजिन दीड लिटरचं. व्ही २० मध्ये सीएनजी आणि पेट्रोल दोन्ही चालतं, पासिंग एक टन. रोज ठरलेला सपाट रस्ता आणि जवळ सीएनजी पंप असेल तर ही विचारात घ्यावी. पंपावर रांगेत तास जाणार असेल तर मात्र वाचलेले पैसे रांगेतच जातात.

अशोक लेलँड दोस्त आणि बडा दोस्त: दोस्त २०११ पासून रस्त्यावर आहे. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, दोस्त प्लसला दीड टनाचं पासिंग. सप्टेंबर २०२० मध्ये बडा दोस्त आला. त्यातल्या आय ३ ला १,४०५ किलो आणि आय ४ ला १,८६० किलो.

इसुझू डी-मॅक्सचीही मालवाहू पिकअप आपल्याकडं मिळते. गाडी दणकट आहे, पण घेण्याआधी आपल्या तालुक्यापासून सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते बघावं. टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस या मात्र भाड्याच्या गाड्या नव्हेत. त्या घरच्या प्रवासाच्या आणि हौसेच्या.

इथं कायद्यातला एक फरक लक्षात ठेवा. ज्या मालवाहू गाडीचं एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नाही, तिला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार परमिट लागत नाही. म्हणून कितीतरी पिकअप या आकड्याच्या किंचित आत बसवलेल्या असतात. त्याच्या वरची गाडी घेतली की परमिट आलं. पासिंग जास्त मिळतं, कागदही वाढतात. दोन्हींचा तोल बघून ठरवायचं.

लायसनचा गोंधळ मात्र मिटलाय. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं स्पष्ट केलं की हलक्या मोटार वाहनाचं लायसन असणारा माणूस ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवू शकतो. त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही.

वाहणं वेगळं, ओढणं वेगळं

मोबाइलवर अमेरिकेतल्या पिकअपचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. मागं भलामोठा ट्रेलर आणि गाडी चढावर सरसर जातेय. फोर्डची एफ-३५०, शेव्हरोलेची सिल्व्हराडो, रॅम ३५००. यातली रॅम ३५०० ठराविक जोडणीसह १६ टनांहून जास्त ओझं ओढते, असं कंपनीच सांगते. मग प्रश्न येतो की आपली पिकअप एक ट्रॉली का ओढू शकणार नाही?

कारण ती गाडी ओढण्यासाठीच बांधलेली असते. इंजिन साडेसहा लिटरच्या आसपासचं, गाडीचं स्वतःचं वजन आपल्या पिकअपच्या जवळपास दुप्पट आणि ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असतात. गाडीचा ब्रेक दाबला की ट्रेलरचाही लागतो. आपल्याकडच्या पिकअप माल पाठीवर घेण्यासाठी बांधल्यात. त्यांच्या कॅटलॉगमध्ये ओढण्याचा आकडा सहसा छापलेलाच नसतो. आकडा नाही याचा अर्थ "कितीही ओढा" असा होत नाही.

आता ट्रॅक्टरकडं बघा. गळीत हंगामात ४५-५० हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढतो. बोलेरो, योद्ध्याची हॉर्सपॉवर त्याहून जास्त. इंजिनचा टॉर्क दोघांचा जवळजवळ सारखा. तरी ट्रॅक्टर ओढतो आणि पिकअपचा क्लच जळतो, असं का?

पहिलं कारण गिअर. ट्रॅक्टरचा पहिला गिअर माणसाच्या चालीपेक्षाही हळू चालतो. वेग कमी केला की चाकावरचा जोर वाढतो, हे रहाटाच्या गणितासारखंच आहे. पिकअपचा पहिला गिअर त्याच्या कितीतरी पट वेगानं चालतो. मग चढावर ओझं उचलताना ड्रायव्हर क्लच अर्धवट दाबून धरतो आणि क्लच प्लेट घासून जाते. दुसरं कारण मागची मोठी चाकं आणि त्यांच्यावर बसलेलं ट्रॅक्टरचं वजन. त्यामुळं चाक जमिनीला धरून राहतं. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, चाक जागेवर फिरतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ओढायला जोर लागतो, पण थांबवायला त्याहून जास्त लागतो. ब्रेक नसलेली ट्रॉली उतारावर पुढच्या गाडीला ढकलते आणि वळणावर तिरकी होऊन गाडीला आडवी पाडू शकते. ट्रॅक्टर २०-२५ च्या वेगात असतो म्हणून बऱ्याचदा निभावतं. पिकअपचा ड्रायव्हर ५० च्या वेगात असतो.

म्हणून सिमेंटचा मिक्सर, कॉम्प्रेसर, जनरेटर असं चाकावरचं हलकं यंत्र पिकअपला जोडायचं असेल तर कंपनीची परवानगी लेखी घ्या. नाहीतर वॉरंटीच्या वेळी वाद होतो. हुक बंपरला नको, चासीला हवा. ट्रेलरच्या वजनाचा दहावा हिस्सा तरी हुकावर दाबला जातो, तोही पासिंगमध्ये धरायचा. शिवाय ट्रेलर हेसुद्धा कायद्यानं मोटार वाहनच आहे, त्याचीही नोंदणी लागते. आणि रोजचंच काम ओढण्याचं असेल तर सरळ ट्रॅक्टर घ्या. ट्रॅक्टरवरचा जीएसटीही त्याच दिवसापासून १२ वरून ५ टक्के झालाय.

शिरोळची गाडी आणि गगनबावड्याची गाडी

आपला जिल्हा एक असला तरी रस्ते दोन प्रकारचे. शिरोळ, हातकणंगले, कागलचा बराच भाग सपाट. जयसिंगपूर, इचलकरंजी, कोल्हापूरचं मार्केट यार्ड एवढ्यात फिरायचं असेल तर लहान इंजिनाची, चांगल्या ॲव्हरेजची गाडी पुरते. जास्त पॉवरचे जादा पैसे कशाला मोजायचे?

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगडचं तसं नाही. करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा, आंबोली असे घाट उतरून कोकणात भाजीपाला न्यायचा तर चढाचा जोर लागतो आणि उताराचा ब्रेकही लागतो. सतत दाबून ब्रेक तापले की ते धरायचे कमी होतात. पेडल दबतं, पण गाडी थांबत नाही. म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे. न्यूट्रलवर उतरून वाचलेलं डिझेल दोन-तीन चहाइतकं, त्यासाठी जीव पणाला लावायचा नाही. घाटात जाणाऱ्या गाडीला पासिंगच्या शंभर-दोनशे किलो आतच भरावं आणि ब्रेक ऑइल वेळच्या वेळी बदलावं.

घाटाचं काम असेल तर मोठं इंजिन घ्या, सपाटीचं असेल तर मोठा हौदा घ्या. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी निवड झाली.

भरवसा इंजिनात निम्मा, गॅरेजमध्ये निम्मा

"गाडी बंद पडत नाही" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. बंद सगळ्याच पडतात. प्रश्न असा की बंद पडल्यावर किती दिवस उभी राहते. दूध संकलनाची गाडी एक दिवस उभी राहिली तरी दूध थांबत नाही, दुसऱ्याची गाडी भाड्यानं लावावी लागते. म्हणून गाडी ठरवण्याआधी दोन फोन करा. एक तालुक्याच्या गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात: क्लच प्लेट, व्हील बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, पाट्याचं बुश लगेच मिळतं का? दुसरा आपल्या मेस्त्रीला: या गाडीचं काम तू करतोस का? दोघांनी हो म्हटलं तर पुढं जा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाडीचा स्वभाव बदलला. आता धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. गाडी काही वेळ सलग, गरम होऊन पळाली की ही काजळी आपोआप जळून जाते. पण दर अर्ध्या किलोमीटरला थांबणारी, दोन-चार गावांतच फिरणारी गाडी पुरेशी गरमच होत नाही. फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीचा जोर कमी होतो. दिवा लागला की पुस्तकात दिल्याप्रमाणं गाडी हायवेवर सलग पळवून आणायची. दुर्लक्ष केलं तर खर्च हजारांत जातो. फिल्टर काढून टाकणारेही भेटतात, पण ते बेकायदेशीर आहे, वॉरंटी जाते आणि फिटनेसला अडकायला होतं.

काही मॉडेलना डीईएफ लागतं, ज्याला लोक "गाडीचा युरिया" म्हणतात. ते शुद्ध युरियाचं ठराविक प्रमाणातलं द्रावण असतं. घरातलं निमकोटेड युरियाचं पोतं फोडून पाण्यात विरघळवून टाकायचा मोह होतो, तो टाळा. त्यानं आतली महागडी यंत्रणा खराब होते. घ्यायच्या गाडीला डीईएफ लागतं की नाही, हे शोरूममध्ये आधीच विचारा.

जुनी गाडी घेत असाल तर आणखी एक बघा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. पुरातली गाडी रंग मारून विकायला येते. सीटखालचा गंज, डॅशबोर्डच्या मागची वायरिंग, बेल्टच्या मुळाशी बसलेला गाळ तपासा. विम्याचा जुना दावा झालाय का, ते विचारा. आणि आपली स्वतःची गाडी कधी पाण्यात गेली, तर पाणी उतरल्यावर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी मेस्त्रीला बोलवा.

जादा भरलं तर काय होतं?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरला तर २०,००० रुपये दंड, त्यावर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जादा माल तिथंच उतरवण्याचा खर्चही तुमचाच. हौद्याबाहेर बाजूला, मागं-पुढं किंवा हद्दीपेक्षा उंच माल गेला तर २०,००० रुपये. वजन करायला नकार दिला तर ४०,००० रुपये. दंड चालवणाऱ्यालाच नाही, तर "चालव म्हणून" सांगणाऱ्यालाही होऊ शकतो.

हिशोब करू. पावणेदोन टनांच्या गाडीत पावणेतीन टन भरले. एक टन जादा, दंड २२,००० रुपये. तोच जादा टन दुसऱ्या खेपेत नेला असता तर? २० किलोमीटरवर जायचं, जाऊन-येऊन ४० किलोमीटर. १२ चं ॲव्हरेज आणि डिझेल ९० रुपये धरलं तर ३०० रुपयांचं डिझेल. एका दंडात अशा सत्तरहून जास्त खेपा होतात. टायर, पाटे, बेअरिंग लवकर जातात ते वेगळंच.

आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट विम्याची. मालवाहू गाडीच्या विम्यात ड्रायव्हर आणि मालाचा मालक किंवा त्यानं नेमलेला माणूस यांचा विचार केलेला असतो. हौद्यात बसलेल्या वऱ्हाडाचा, जोतिबाच्या यात्रेला निघालेल्या माणसांचा, भांगलणीला चाललेल्या बायकांचा नसतो. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करू शकते आणि भरपाई गाडीमालकाच्या शेतीवर, घरावर येते. "आपलीच माणसं आहेत" हे कोर्टात चालत नाही. आपलीच माणसं आहेत म्हणून तर त्यांना हौद्यात बसवायचं नाही.

हप्त्याचा हिशोब घरीच करा

समजा आठ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, ११ टक्के व्याज. हप्ता साधारण १७,४०० रुपये. पाच वर्षांत भरायचे दहा लाख चव्वेचाळीस हजारांच्या आसपास. महिन्यात २५ दिवस गाडी चालली तर दिवसाला ७०० रुपये नुसते हप्त्याचे. त्यावर डिझेल, ड्रायव्हर, विमा, टायर, सर्व्हिसिंग. फिटनेस गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. आता विचारा: पासिंगच्या आत माल भरून एवढं भाडं सुटतं का?

सुटत असेल तर गाडी घ्या. जादा भरल्याशिवाय हप्ता निघतच नसेल तर ती गाडी तुमच्या धंद्याला लहान आहे किंवा धंदाच अजून गाडीएवढा झालेला नाही. लहान असेल तर वरच्या पासिंगची बघा. धंदा कमी असेल तर आधी भाड्याच्या गाडीवर वर्ष काढा, गिऱ्हाईक बांधा.

शोरूमला जाताना ही यादी खिशात ठेवा

१. नेहमीच्या मालाचं एका खेपेचं वजन किलोत लिहून न्या. त्यात अडीचशे किलो मिळवा. तेवढं पासिंग असलेलं मॉडेल मागा.

२. एकूण वजन ३,००० किलोच्या आत आहे की बाहेर, ते विचारा.

३. रिकामी गाडी चालवून बघू नका. माल भरून, आपल्या रस्त्यावरच्या चढावर ट्रायल मागा.

४. वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर, दोन्ही लेखी घ्या. जे आधी भरेल तिथं वॉरंटी संपते.

५. डीईएफ लागतं का, डीपीएफचा दिवा लागला तर काय करायचं, हे समजून घ्या.

६. कोटेशन दोन कंपन्यांचं घ्या. विमा आणि ॲक्सेसरीचे पैसे वेगळे लिहून मागा.

७. ज्याच्याकडं तीच गाडी तीन वर्षं आहे, अशा दोन मालकांना भेटा. ॲव्हरेज विचारूच नका, शेवटच्या वर्षात गाडी किती दिवस उभी होती ते विचारा.

गाडी कुठल्याही कंपनीची असो, आरसीवर लिहिलेलं वजन ही तिची खरी ताकद. त्याच्या आत राहून धंदा केला तर हप्ता फिटतो, गाडी टिकते आणि घाटातून गाडी खाली येईपर्यंत घरचे निवांत झोपतात.